वरोऱ्याची सरकारी खदान

पुण्याजवळच्या आमच्या मांजरीच्या स्टेशनावर पिवळ्या पाटीत ‘मां’वर टिंब आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा आणि भांदक यांच्या मध्ये अशीच पिवळी पाटी असलेलं एक स्टेशन आहे, त्याच्या नावात ते टिंब नाही. माजरी जंक्शन. पहिल्यांदा गाडी तिथे थांबली तेव्हा पहाट होती. वरच्या बर्थवरून उतरून खिडकीशी आलो, पाटी वाचली आणि अर्धवट झोपेत क्षणभर वाटलं, घर आलं. मग आधारासाठी खिडकीचा गज धरला तर हात काळा झाला. बाहेर नजर जाईल तिथवर वाघिणी उभ्या होत्या, कोळशाने शिगोशीग भरलेल्या.

आमच्या घरात दगडी कोळशाची ओळख आजीमुळे. आमच्या लाइनीवर वाफेची इंजिनं होती तोवर ती फाटकापासून दूर, सिग्नलच्या खांबाकडे टोपली घेऊन जायची. गाडी सिग्नलला थांबली की इंजिनातली राख खाली पडायची आणि त्या राखेत अर्धवट जळलेले कोळसे असायचे. ते वेचून आणायचे, बंबात आणि शेगडीत घालायचे. शेगडी पेटताना सुरुवातीला पिवळट धूर यायचा, त्याला गंधकाचा उग्र वास असे. तो वास मला माजरीच्या फलाटावर पुन्हा आला आणि आजी आठवली.

त्या पहाटेनंतर मी वर्धेच्या खोऱ्यातल्या कोळशाचा माग काढत राहिलो. तिथे पहिली मोठी खाण निघाली ती वरोऱ्याला, तीही सरकारी. तिचा शोध घेता घेता जपानपर्यंत जाऊन पोचेन असं मात्र वाटलं नव्हतं.

कोळशाआधी रूळ आले. १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, १८५८ ला पुण्याच्या पुढे दिक्सळपर्यंत रूळ पडले आणि मांजरीच्या शेतांमधून इंजिन धावू लागलं. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची ती इंजिनं चालायची कशावर? विलायतेहून जहाजाने आलेल्या कोळशावर. सुएझचा कालवा उघडला १८६९ साली. तोवर हा कोळसा आफ्रिकेला वळसा घालून येत होता. राणीगंजचा कोळसा बंगालात होता, पण मुंबई इलाख्याच्या दृष्टीने तो देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्यात १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस हवासा झाला आणि रेल्वेने नागपूरकडे धाव घेतली. १८६७ मध्ये गाडी नागपुरात पोचली. आता एवढ्या आतवर इंजिनं आणायची तर विलायती कोळसा मुंबई बंदरातून पाचशे मैल वाहून न्यायचा आणि त्यातला बराचसा वाटेत स्वतःच जाळायचा, असा हिशेब झाला. जवळपास कुठे कोळसा आहे का, ही विचारणा इथून सुरू झाली.

जमिनीखाली काय आहे याचा अंदाज त्याआधी एका पाद्र्याला आला होता. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आला तो धर्मप्रसारासाठी, पण त्याची नजर सतत खडकांवर. कामठीच्या वालुकाश्मात त्याला पानांचे ठसे सापडले, जिभेसारख्या आकाराची लांबट पानं, ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडाची. वरोऱ्याच्या बाजूच्या मांगली गावाजवळच्या दगडात एका जुन्या उभयचर प्राण्याची चपटी कवटी मिळाली. ती लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेनने १८५५ मध्ये तिचं वर्णन करून तिला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असं नाव दिलं. हीच पानं जिथे जिथे दगडात दिसतात तिथे कोळसा असू शकतो, हे पुढे साऱ्या गोंडवन प्रदेशात खरं ठरलं. त्या थरांना ‘गोंडवन’ हे नावसुद्धा इथल्याच भूमीवरून पडलं आणि आज दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिकाच्या खडकांनाही तेच लावतात. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नदीच्या पुरात बुडाला. वरोऱ्याची खाण पाहायला तो राहिला नाही.

नंतर सरकारी भूवैज्ञानिक आले. ब्लॅनफर्डने १८६८ मध्ये चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, आसपासच्या कोळशाबद्दल लिहिलं, ह्यूजने १८७७ मध्ये वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्रावर सविस्तर ग्रंथच प्रसिद्ध केला. काळी कापसाची जमीन, खाली वालुकाश्म, त्याखाली काही ठिकाणी पन्नास फुटांच्या आसपास जाडीचा कोळशाचा थर. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या दलदलीत साचलेला. वय मोठं, पण गुण बेताचा: राख जास्त, ओल जास्त, आणि भट्टीत तापवला तर त्याचा कोक बनत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिच्यामुळे एका माणसाचं मोठं स्वप्न अडलं.

१८७१ मध्ये सरकारने वरोऱ्याला खाण सुरू केली. तिच्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे सत्तरेक किलोमीटरचा सरकारी लोहमार्ग त्याच दशकात झाला. त्याच्या नावातच कोळसा होता: वर्धा कोल स्टेट रेल्वे. वरोरा हे त्याचं शेवटचं स्टेशन. पुढे जंगल. हिंगणघाटचा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा एकाच रुळावरून निघत आणि वर्ध्याला मोठ्या लाइनीला लागत. त्याच दशकात, मोठ्या दुष्काळाच्या काळात, दौंड-मनमाड मार्गही बांधला गेला आणि १८७८ मध्ये सुरू झाला. म्हणजे त्या वर्षापासून आमच्या मांजरीहून वरोऱ्याच्या खाणीच्या तोंडापर्यंत रुळांची जवळची वाट झाली.

अशी खाण आतून कशी असते, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. विहिरीसारखा खोल कूप खणायचा. त्याला खाणकामगार ‘चानक’ म्हणतात. तळाशी कोळशाचा थर लागला की त्यात आडवे बोगदे काढायचे, त्यांना काटकोनात छेदणारे आणखी बोगदे काढायचे. मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब उरतात आणि त्यांच्यावर छत तोललेलं राहतं. बोगद्यांतला कोळसा निघून संपला की शेवटी उरतात ते हे खांब. सर्वांत जास्त कोळसा त्यांच्यातच असतो आणि सर्वांत जास्त धोकाही. खांब काढत मागे सरकायचं आणि मागचं छत कोसळू द्यायचं, असा तो मामला. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा आणखी एक स्वभाव आहे. त्याचा भुगा हवा लागताच आपोआप तापू लागतो. चुरडलेल्या खांबात, कोपऱ्यात साचलेल्या चुऱ्यात आतल्या आत ऊब धरते, मग घामट वास येतो, मग धूर. बाहेरून कुणी काडी लावायची गरजच नाही. खाणीतली जुनी माणसं नाकाने आग ओळखतात ती यामुळे. अशा वेळी तो भाग विटांच्या भिंतीने बंद करून हवा तोडणं एवढाच उपाय असतो. वरोऱ्याला कोळशासोबत आगीला टिकणारी पांढरी मातीही निघे आणि तिच्या विटा तिथे पाडल्या जात.

विसाव्या शतकाच्या तोंडाशी या खाणीतून वर्षाकाठी लाखभर टन कोळसा निघत होता. तिची मोठी गिऱ्हाईक जीआयपी रेल्वे. मी वाचलेल्या कागदांत किती टन निघाला, टनामागे खर्च किती, नफा किती हे आहे. खाली उतरणाऱ्या एकाही माणसाचं नाव मला त्यांत भेटलं नाही. खाणींच्या सुरक्षेचा पहिला कायदासुद्धा हिंदुस्थानात १९०१ मध्ये झाला. म्हणजे वरोऱ्याची खाण आपल्या आयुष्यातली पहिली तीस वर्षं त्या कायद्याविना चालली.

आता जपान. तिकडे १८६८ मध्ये मेजी राजवट आली. नागासाकीजवळच्या ताकाशिमा बेटावर थॉमस ग्लोव्हर हा स्कॉटिश व्यापारी आणि तिथला सरदार नाबेशिमा यांनी मिळून वाफेच्या यंत्राने चालणारा पहिला कूप खणला आणि १८६९ मध्ये कोळसा लागला. क्यूशू बेटावरच्या मीके इथल्या खाणी सरकारने १८७३ मध्ये ताब्यात घेतल्या. वरोऱ्याची खाण १८७१ ची. तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की अंगावर काटा येतो. दोन्हीकडे सरकारी खाण, दोन्हीकडे इंग्रजी तंत्र, दोन्हीकडे भूक वाफेच्या यंत्रांची. इकडे इंजिनं, तिकडे आगबोटी. जपानी कोळसा तरुण होता, चार-पाच कोटी वर्षांचा, पण ताकाशिमाचा कोळसा उत्तम जळायचा आणि शांघाय, हाँगकाँग, सिंगापूरच्या बंदरांत त्याला मागणी होती.

फरक पडला पुढच्या पावलात. मीकेची खाण सरकारने १८८८ मध्ये मित्सुई कंपनीला विकली. तिथला अभियंता दान ताकुमा अमेरिकेत एमआयटीत शिकून आलेला. १८८९ च्या भूकंपानंतर काचिदाची इथल्या कूपात पाणी भरलं, तेव्हा त्याने इंग्लंडहून प्रचंड पंप आणवले आणि खाण वाचवली. पुढे कोळसा जहाजात थेट चढावा म्हणून उथळ किनाऱ्यावर बंदर बांधायला घेतलं आणि १९०८ मध्ये ते पुरंही केलं. कोळशाच्या अवतीभोवती कोक, रसायनं, जस्त, यंत्रं यांचे कारखाने उभे राहिले. १९०१ मध्ये यावाताला सरकारी पोलाद कारखान्याची झोतभट्टी पेटली, ती क्यूशूमधल्याच चिकुहोच्या कोळशावर आणि जर्मन तंत्रज्ञांच्या मदतीने.

पण ही गोष्ट नुसती कौतुकाची करून सांगणं मला जमणार नाही. मीकेच्या खाणीत पहिल्यापासून कैदी जुंपलेले होते, साखळदंड घातलेले, आणि ती पद्धत पन्नासहून अधिक वर्षं चालली. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोरियन आणि चिनी मजूर जबरदस्तीने आणले गेले, दोस्तराष्ट्रांचे युद्धकैदी उतरवले गेले. मेजी जपानच्या झपाट्याची किंमत त्या अंधारात मोजली गेली.

दोन्ही खाणींच्या मध्ये उभा असलेला माणूस म्हणजे जमशेटजी टाटा. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून नागपूर का, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. उत्तर सरळ होतं: कापूस भोवताली, बाजार भोवताली आणि वरोऱ्याचा कोळसा हाकेच्या अंतरावर. १८८२ मध्ये त्यांच्या हाती एक अहवाल आला. रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाबद्दल लिहिलेला. लोहाऱ्याला लोखंडाचा डोंगर, जवळच वरोऱ्याचा कोळसा. जमशेटजींनी तो अहवाल वाचला आणि पोलादाचा ध्यास घेतला. वरोऱ्याचा कोळसा त्यांनी तपासणीसाठी जर्मनीला नेला. निकाल वाईट निघाला. या कोळशाचा कोक होत नाही, झोतभट्टीला तो चालणार नाही. शिवाय खाणकामाच्या परवान्यांचे सरकारी नियम असे जाचक होते की पैसा घालायची कुणाची हिंमत होऊ नये. बेत बासनात गेला, सतरा वर्षं तिथेच राहिला.

मधल्या काळात, १८९३ मध्ये, जमशेटजी जपानला गेले. तिथून योकोहामा ते व्हँकुव्हर या जलप्रवासात ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ बोटीवर त्यांची आणि स्वामी विवेकानंदांची भेट झाली, ती हकिकत मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्यामागची व्यापारी बाजू मात्र कमी सांगितली जाते. मुंबईहून जपानला जाणाऱ्या कापसाच्या भाड्यात पी अँड ओ ही इंग्रजी जहाजकंपनी आणि तिच्या जोडीदार कंपन्या मनमानी करत होत्या. जमशेटजींनी निप्पॉन यूसेन कैशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली आणि नोव्हेंबर १८९३ मध्ये ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईला निघाली. जपानची ही पहिली लांब पल्ल्याची नियमित जलसेवा. पी अँड ओने भाडी पाडून टाटांनी जोडीला काढलेली स्वतःची बोटींची लाइन थोड्याच काळात बुडवली, पण जपानी कंपनी टिकली, कारण तिच्या मागे तिचं सरकार होतं. ओसाका-कोबेच्या गिरण्यांत आपला कापूस जपानी कोळशाच्या वाफेवर सूत होऊ लागला आणि पुढे ते सूत आपल्याच गिरण्यांशी चीनच्या बाजारात झुंजू लागलं.

१८९९ मध्ये कर्झनच्या काळात खनिजांचे नियम सैल झाले आणि बासनातला बेत पुन्हा बाहेर आला. जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि अमेरिकी भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड चांद्याच्या जंगलात हिंडले. लोहाऱ्याचं लोखंड चांगलं होतं, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतकं नव्हतं. पुढचा तपशील मला फार आवडतो. निराश होऊन परतलेले दोराबजी नागपुरात सचिवालयात कुणाची तरी वाट पाहत होते. वेळ काढायला समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथल्या भूवैज्ञानिक नकाशावर दुर्ग जिल्ह्यातला एक गडद डाग त्यांच्या नजरेस पडला. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी नोंदवलेलं लोखंड. त्या डागाच्या मागावर ते राजहऱ्याला गेले, तिथून बोसांच्याच पत्रामुळे मयूरभंजला, आणि शेवटी कारखाना झाला साकचीला, आजच्या जमशेदपुरात. जमशेटजी मात्र १९ मे १९०४ रोजी जर्मनीत वारले.

दोन वर्षांनी, १९०६ मध्ये, वरोऱ्याची खाण बंद झाली. हातात येण्याजोगा कोळसा सरत आला होता आणि सरकारने त्याआधीच बल्लारपूरला नवा कूप खणायला घेतला होता. पस्तीस वर्षांचं आयुष्य. रूळ बल्लारपूरपर्यंत वाढले. १९२९ च्या सुमारास बल्लारशा-काझीपेठ जोडलं गेलं आणि जंगलापाशी संपणारा तो कोळशाचा फाटा दिल्ली-मद्रास हमरस्ता झाला. आज त्यावरून ग्रँड ट्रंक एक्सप्रेस धावते आणि वरोरा मधलं एक स्टेशन आहे. वरोरा म्हटलं की आता आनंदवन आठवतं, बाबा आमटे आठवतात. ते योग्यच आहे. पण त्याआधी हे गाव कोळशाचं गाव होतं, हे मी मोठा होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत ‘चंद्रपूर: कोळसा’ एवढं पाठ केलं होतं.

खाली उतरणाऱ्यांची नावं कागदात नाहीत, असं मघाशी म्हटलं. निदान चेहरे तरी कुठे दिसतात का, म्हणून शोधत राहिलो. ते भेटले जपानी चित्रांत. यामामोतो साकुबेई हा चिकुहोचा खाणकामगार. जन्म १८९२ चा. सात-आठ वर्षांचा असल्यापासून खाणीत गेला आणि पन्नासेक वर्षं तिथेच राबला. साठी उलटल्यावर, खाणी बंद होऊ लागल्यावर, नातवंडांना आपलं आयुष्य कळावं म्हणून त्याने चित्रं काढायला घेतली. चित्रकला कुठे शिकलेला नव्हता. चित्राच्या कडेने तो बारीक अक्षरांत सगळं लिहून ठेवायचा: अवजाराचं नाव, मजुरी, कुणी काय गाणं म्हटलं. एका चित्रात पुरुष कुशीवर आडवा पडून ठेंगण्या थरात कुदळ मारतोय आणि त्याची बायको, कमरेच्या वर उघडी, गुडघ्यांवर रांगत कोळशाची घसरगाडी ओढतेय. छत इतकं खाली की तिला मान वर करता येत नाही. नवरा खणणारा, बायको ओढणारी. अशी जोडीच खाणीत कामाला लागायची. दुसऱ्या एका चित्रात आईबरोबर खाणीकडे निघालेलं पोर आहे. २०११ मध्ये युनेस्कोने साकुबेईची चित्रं आणि डायऱ्या मिळून ६९७ नग ‘जागतिक स्मृती’च्या नोंदवहीत घेतले. त्या वहीत जपानमधून गेलेली ही पहिली नोंद. राजाचे दस्तऐवज नव्हेत, एका खाणकामगाराची चित्रं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

अशीच जोडी आपल्याकडेही होती. झरिया-राणीगंजच्या खाणींत खणणाऱ्याला मलकट्टा म्हणत आणि टोपल्या वाहणाऱ्या बाईला कामीन. बायकांनी जमिनीखाली उतरू नये असा नियम १९२९ मध्ये झाला आणि टप्प्याटप्प्याने १९३७ पर्यंत बंदी पुरी झाली. जपानमध्ये असाच नियम १९२८ चा, अंमल १९३३ पासून. मग युद्ध आलं. जपानने १९३९ मध्ये बंदी सैल केली. आणि त्याच जपानशी लढण्यासाठी हिंदुस्थान सरकारने १९४३ मध्ये आपली बंदी उठवली. मजूर लष्करी बांधकामांवर जास्त मजुरीसाठी निघून गेले होते, कोळशाचा तुटवडा होता, बंगालमध्ये दुष्काळ होता. मध्यप्रांतातल्या खाणीही त्यात आल्या. एकमेकांच्या शत्रू असलेल्या दोन देशांनी आपापल्या बायकांना पुन्हा खाली धाडलं.

या निर्णयाच्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखातं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे. जुलै १९४२ पासून ते मजूरमंत्री होते. कायदेमंडळात रेणुका राय यांच्यासारख्या सभासदांनी या निर्णयावर कडाडून टीका केली. बाबासाहेबांनी बाजू मांडली ती अशी: हा कायमचा बदल नाही, आणीबाणीचा आहे, आणि खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळाली पाहिजे, ही अट घातली आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व एखाद्या धंद्यात पहिल्यांदाच मान्य झालं, हे त्यांनी सभागृहाला आवर्जून सांगितलं. मला स्वतःला ही बंदी उठवणं बोचतं, आणि मला वाटतं त्यांनाही ते सुखाचं नसावं. पण दिल्लीत बसून बाजू मांडून ते थांबले नाहीत. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले आणि खाणीत खाली उतरले. कामगारांच्या वस्त्या पाहिल्या, मजुरी विचारली. जानेवारी १९४४ च्या अखेरीस कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे कर, आणि तो पैसा पाणी, दवाखाना, घरं यांसाठी. १९४६ च्या फेब्रुवारीत बायकांवरची बंदी पुन्हा लागू झाली. वरोऱ्याच्या कागदांत जे मला सापडलं नव्हतं, ते इथे दिसलं: सरकारच्या वतीने कुणीतरी टनांच्या पलीकडे पाहिलं.

पुढची वर्षं भराभर सांगतो. मीकेला १९६० मध्ये प्रचंड संप झाला, ९ नोव्हेंबर १९६३ रोजी धुळीच्या स्फोटात ४५८ माणसं गेली. जपान तेलाकडे वळत होतं. नागासाकीजवळचं हाशिमा बेट, मित्सुबिशीने १८९० मध्ये घेतलेलं, जेमतेम सहा हेक्टरांचं. १९५९ मध्ये त्यावर पाच हजारांहून अधिक माणसं राहत होती, कोळसा समुद्राच्या तळाखालून निघत होता. जानेवारी १९७४ मध्ये ती खाण बंद झाली आणि एप्रिलपर्यंत बेट रिकामं झालं. आपल्याकडे नेमकं त्याच्या आदल्या वर्षी, १ मे १९७३ ला, कोळशाच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७५ मध्ये नागपुरात वेस्टर्न कोलफील्ड्स उभी राहिली आणि माजरी, घुग्घुस, बल्लारपूर, वणी हा सारा पट्टा नव्याने खणला जाऊ लागला. तिकडे दारं लागत होती तेव्हा इकडे उघडत होती. मीकेची खाण १९९७ च्या मार्चअखेर मिटली. २०१५ मध्ये हाशिमा, ताकाशिमा, मीके ही सगळी ठिकाणं युनेस्कोच्या वारसास्थळांत गेली. कोरियाने हरकत घेतली: आमच्या माणसांना जबरदस्तीने राबवलंत, तेही तिथे लिहा. जपानने ते सांगण्याचं आश्वासन दिलं आणि पुरेसं पाळलं नाही म्हणून तो वाद अजून चालू आहे. मला तो वाद चांगला वाटतो. खाणीत कोण उतरलं होतं, यावर दोन देश भांडताहेत.

माजरीच्या आसपास आता चानकांपेक्षा उघड्या खाणी जास्त. तिकडचे लोक त्यांना खदान म्हणतात. वरची काळी माती आणि दगड उकरून बाजूला टाकतात, त्याचे डोंगर होतात. त्यांना ओबीचे डोंगर म्हणतात. गाडी वरोरा सोडून पुढे निघाली की उजव्या-डाव्या हाताला ते दिसतात, सपाट माथ्याचे, पावसाळ्यात हिरवट. कपाशीच्या शेतांच्या मध्येच ते उगवलेले असतात आणि बोंडांवर बारीक काळी धूळ बसलेली असते.

गेल्या खेपेला मी माजरीला उतरलो. फलाटाच्या टोकाला, वाघिणींतून सांडलेला कोळसा दोन बायका वेचत होत्या. त्यांतली म्हातारी प्रत्येक तुकडा टोपलीत टाकण्याआधी तळहातावर किंचित झेलून बघत होती. आजी अगदी असंच करायची. जळून गेलेला कोळसा हलका लागतो, त्यात जीव नसतो. जड लागला तर अजून आत आग आहे. मी लहानपणी तिच्याबरोबर सिग्नलकडे जायचो, तेव्हा माझ्या हातावर एक हलका आणि एक जड तुकडा ठेवून ती विचारायची, “सांग, कुठला न्यायचा?”